मानीव कूळ आणि मानलेला भाऊ

आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, नाटकाची तर कित्येकदा पडदा पडण्यापूर्वीच होते. पण कायद्याच्या गद्याची समीक्षा कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक मराठी माणसाच्या आयुष्यावर या गद्याने जेवढा परिणाम केला आहे, तेवढा आपल्या कोणत्याही कादंबरीने केलेला नाही. माझ्या कादंबऱ्यांचे तर नावच काढू नये. मी वकील नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही आणि शाळेत मराठी शिकवण्यातच माझा दिवस जातो. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते कोणाला खटल्यात उपयोगी पडेल अशी आशा नको. शब्दांशी रोज गाठ पडणाऱ्या एका मास्तराला कायद्याची भाषा कशी दिसते, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आणि बेलापुरासारख्या गावात राहिल्यामुळे तिचे जे प्रताप डोळ्यांसमोर आहेत, ते सांगावयाचे आहेत.

कोणताही कायदा उघडला की पहिले कलम त्याचे नाव सांगते आणि बहुधा दुसरे कलम व्याख्यांचे असते. हे दुसरे कलम सहसा कोणी वाचत नाही. परंतु सारी गोम तेथेच आहे. त्यात दोन शब्दांचा खेळ चालतो: एक ‘म्हणजे’ आणि दुसरा ‘यात समावेश होतो’. ‘म्हणजे’ आला की दार बंद झाले. व्याख्येत नाही ते बाहेर राहिले. ‘समावेश होतो’ आला की दार उघडे. जे आहे ते आहेच, शिवाय आणखीही काही आत येऊ शकेल. आपल्या बोलण्यात याच्या अगदी उलट घडते. पारावरचा माणूस ‘म्हणजे कसं,’ असे म्हणतो तेव्हा तो काही मिटवीत नाही, तेथून त्याची खरी गोष्ट सुरू होते! आणखी एक गंमत अशी की, या कलमाच्या आरंभीच ‘संदर्भावरून दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर’ अशा आशयाचे एक वाक्य बहुधा असते. मला ते फार आवडते. सारे शब्द मुठीत धरण्यापूर्वी कायद्याने शब्दांच्या स्वभावापुढे केलेला तो एक छोटासा नमस्कार आहे.

व्याख्या करणे हे काम किती अवघड, हे आपल्या नैयायिकांनी पूर्वीच ओळखले होते. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना लक्षणाचे तीन दोष आठवतील. गाय म्हणजे तांबूस रंगाचे जनावर, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगांचे जनावर म्हणावे तर म्हैस गोठ्यात शिरते, ही अतिव्याप्ती. आणि गाय म्हणजे एका खुराचे जनावर म्हटले तर एकही गाय हाती लागत नाही, हा असंभव. नैयायिकाची व्याख्या चुकली तर दुसरा पंडित हसतो आणि प्रकरण मिटते. कायद्याची व्याख्या चुकली तर कोणाची तरी गाय सुटून जाते.

अर्थात कायदा नेहमीच आडमुठा असतो असे नाही. दिवाळीचे जेवण झाल्यावर आपण विडा लावतो. त्या विड्याच्या पानाची एक कथा सांगतो. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यात भाजीपाल्याला करमाफी होती. आरंभी विड्याच्या पानांनाही वेगळी माफी होती, ती १९४८ साली काढून टाकण्यात आली. अकोल्याचे पानांचे व्यापारी म्हणू लागले की, पान ही वनस्पतीच ना? मग ‘व्हेजिटेबल’ या शब्दात ते आपोआप आले, कर कशाचा? कोशाच्या आधाराने पाहिले तर युक्तिवाद बिनतोड होता. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६१ साली न्यायालयाने सांगितले की, हा शब्द वनस्पतिशास्त्राच्या अर्थाने घ्यावयाचा नाही; रोजच्या व्यवहारात लोक ज्याला भाजी म्हणतात तीच भाजी. परसात पिकते आणि जेवणात येते ती. कोणत्याही गृहिणीने हा निकाल पान पुसता पुसता दिला असता! न्यायालयाला मात्र त्यासाठी बराच कागद खर्चावा लागला.

अमेरिकेतही १८९३ साली टोमॅटोवरून असाच तंटा झाला. भाजीवर जकात होती, फळावर नव्हती. टोमॅटो हे शास्त्राने फळ. तेथील सर्वोच्च न्यायालयानेही जेवणाच्या टेबलाकडे पाहून त्याला भाजीत घातले. आणि आमच्याकडे १९६७ साली कोळशाचा प्रश्न निघाला. इंग्रजीत खाणीतल्या कोळशाला एक नाव, लाकडाच्या कोळशाला दुसरे. मध्य प्रदेशाच्या विक्रीकरात पहिल्याचे नाव होते, तर दुसरा त्यात येतो की नाही? व्यवहारात येतो, असे ठरले. मराठी माणसाला या तंट्याचे नवलच वाटावे. आपल्याकडे दगडी असो की लोणारी, दोघांचेही घराणे एकच, कोळसा.

ही झाली कायद्याची गोड बाजू. बाजारातल्या शब्दापुढे तो नमते घेतो, कारण तेथे प्रश्न काही टक्के कराचा असतो. जमिनीची गोष्ट आली की त्याचा आवाज बदलतो.

एक साधे उदाहरण घ्या. ‘स्थावर’ आणि ‘जंगम’ हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. स्थावर म्हणजे जागचे न हलणारे; जुन्या संस्कृत ग्रंथांत तर झाडेझुडपे हेच स्थावराचे नमुनेदार उदाहरण. पण मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा सांगतो की इमारती लाकडाची उभी झाडे, उभे पीक आणि गवत ही स्थावर मालमत्ता नव्हे. प्रवरेच्या पाण्यावर दीड दीड वर्ष शेतात उभा असणारा आडसाली ऊस कायद्याच्या दृष्टीने जंगम! न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी १९५८ च्या एका निकालपत्रात झाड आणि उभे लाकूड यांतला भेद मोठ्या रसिकतेने उलगडला आहे. जे झाड जमिनीतून रस घेत जगत राहणार ते झाड. जे लाकडासाठी लवकरच तोडावयाचे आहे ते उभे असले तरी लाकूड. म्हणजे झाड कोणते हे झाडावर नव्हे, कुऱ्हाड हातात असलेल्या माणसाच्या मनावर अवलंबून! यात तर्क आहे, हे मला मान्य आहे. आणि कविताही आहे. कवितेचा भाग मात्र झाडाला कळत असेल असे वाटत नाही.

आता आमच्या भागाच्या मुख्य गोष्टीकडे वळतो.

‘कूळ’ हा शब्द घ्या. एकाच शब्दात केवढा संसार आहे! कुळाचार, कुळधर्म, कुळकर्णी. सावकाराकडे कर्ज काढणारा तो त्याचे कूळ. आणि दुसऱ्याची जमीन कसून त्याला खंड देणारा तो जमिनीचे कूळ. हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते: उघड्या अंगाचा, वाकलेल्या पाठीचा, मालकाच्या ओट्याखाली उभा असलेला माणूस. ‘मालक’ म्हटले की ओट्यावर झोपाळा आलाच. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम हे चित्र मनात धरूनच झाला, आणि तो योग्यच होता. ज्याचा घाम त्याची जमीन, हा त्याचा गाभा. १९५७ च्या १ एप्रिलला कूळ हे जमिनीचे मालक झाले असे मानण्यात येईल, असे कायद्याने ठरविले, आणि तो दिवस ‘कृषक दिन’ म्हणून ओळखला गेला. हजारो घरांत त्या दिवशी खरोखर उजाडले.

परंतु प्रवरेच्या काठी चित्र उलटे होते. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने आणि प्रवरेच्या कालव्यांनी या मुलखात उसाचे दिवस आणले. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. उसाला सलग रान हवे. ते कंपनीने आसपासच्या शेतकऱ्यांकडून खंडाने घेतले. जमीन शेतकऱ्याची, नांगर कंपनीचा. म्हणजे कायद्याच्या भाषेत लहानसा शेतकरी झाला जमीनमालक आणि मुंबईच्या भांडवलावर चालणारी कंपनी झाली कूळ! आमच्या साऱ्या ग्रामीण वाङ्मयाने जो झोपाळा आणि जो ओटा रंगविला, तो येथे कोणाच्या घरी शोधावा?

कायदा करणाऱ्यांना ही अडचण दिसली नाही असे नाही. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात ४३-अ हे कलम आले आणि औद्योगिक व व्यापारी संस्थांनी खंडाने घेतलेल्या जमिनी, तसेच उसासाठी, फळाफुलांसाठी दिलेल्या जमिनी यांना कितीतरी तरतुदींतून वगळण्यात आले. त्यामुळे १९५७ च्या १ एप्रिलला कंपनी नावाचे कूळ मालक झाले नाही. येथपर्यंत भाषा आणि न्याय यांची सोयरीक टिकली. पुढे ती मोडली.

१९६१ साली महाराष्ट्राचा कमाल जमीन धारणेचा कायदा झाला. हेतू पुन्हा चांगलाच: ज्याच्याकडे फार आहे त्याच्याकडून घ्यावे, ज्याला नाही त्याला द्यावे. पण कोणाकडे किती आहे हे मोजावयाचे तर ‘जमीन धारण करणे’ म्हणजे काय, हे आधी सांगावे लागते. कायद्याने सांगितले: मालक म्हणून किंवा कूळ म्हणून जमिनीचा कायदेशीर प्रत्यक्ष ताबा असणे. या व्याख्येत ‘किंवा’ हा दोन अक्षरांचा शब्द आहे. माझ्या वर्गातील मुलांना मी उभयान्वयी अव्यय शिकवतो तेव्हा ‘किंवा’ हे विकल्प दाखवते, एवढेच सांगतो. त्यात किती एकर मावतात हे व्याकरणाच्या पुस्तकात नाही. ताबा कंपनीचा, म्हणून धारण कंपनीचे. धारण कंपनीचे, म्हणून मर्यादेपेक्षा जास्त. जास्त, म्हणून सरकारजमा. ज्याची चार-पाच एकर जमीन त्यात होती, त्याच्याकडे स्वतःकडे मर्यादेहून अधिक काहीच नव्हते. दुसऱ्याच्या श्रीमंतीच्या हिशेबात त्याची गरिबी गेली.

एका कारणाने ही जमीन तुकड्यातुकड्यांनी वाटताही येत नव्हती. कारखान्याला उसाचा पुरवठा अखंड राहावा म्हणून औद्योगिक संस्थांच्या अतिरिक्त जमिनीसाठी त्या कायद्यात वेगळे, अठ्ठाविसावे, कलम आहे. १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले आणि कारखान्यांचे हे मळे त्याच्याकडे गेले. कारखान्यासाठी जमीन सलग ठेवली, आणि हरेगावचा तो कारखाना पुढे बंद पडला. मळा मात्र महामंडळाकडेच राहिला. ज्याच्या नावाचा खंड आजोबाने घेतला होता, त्याचा नातू आपल्याच रानाच्या बांधावरून शाळेत जात राहिला. माझ्या पिढीतल्या किती तरी जणांचे बालपण असे गेले आहे.

या लोकांना नाव काय द्यावे? कायद्यात ते ‘पट्टाकार’ किंवा ‘मालक’ असतील, पण लोकांनी त्यांना म्हटले ‘खंडकरी’. या शब्दाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. भाडेकरी तो जो भाडे भरतो. त्याच न्यायाने खंडकरी तो जो खंड भरतो. येथे मात्र खंड घेणारा खंडकरी झाला! वैयाकरण याला चूक म्हणेल. मी म्हणणार नाही. लोकांनी कायद्यातला कागद पाहिला नाही; दोन पक्षांपैकी कोण अडलेला, कोण दारात उभा, हे त्यांनी पाहिले, आणि अडलेल्याच्या गळ्यात कुळाच्या जातीचे नाव घातले. कायद्याची व्याख्या ताब्याकडे बघत होती, लोकांची व्याख्या पाठीच्या कण्याकडे. दोन्हींपैकी अतिव्याप्ती कोणाची, हे नैयायिकाने ठरवावे.

आता ‘मानण्यात येईल’ या क्रियापदाविषयी. कायद्याच्या मराठीत हे रूप पदोपदी भेटते, आणि त्यापासून ‘मानीव’ असे एक विशेषण घडविले गेले आहे: मानीव कूळ, मानीव खरेदी, मानीव अभिहस्तांतरण. पुण्या-मुंबईच्या सदनिकाधारकांना यांपैकी शेवटचे चांगलेच परिचयाचे आहे. कुळकायद्याचे चौथे कलम सांगते की, दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो, तो मालकाच्या कुटुंबातला नसेल, रोख वा धान्याच्या मजुरीवरचा गडी नसेल, गहाणदार नसेल, तर तो कूळ असल्याचे मानण्यात येईल. आणि ‘जातीने जमीन कसणे’ याची व्याख्या तर पाहाच. स्वतःच्या कष्टाने, किंवा घरच्या माणसांच्या कष्टाने, किंवा स्वतः अथवा घरच्या कोणी देखरेख ठेवून मजुरांकडून. छत्री घेऊन बांधावर उभा राहणाराही जातीने कसतोच! विधवा, अज्ञान मूल, अपंग आणि सैन्यात असलेला माणूस यांना तर देखरेखीचीही अट नाही. मजुरांनी कसले तरी ते जातीने कसतात असे मानावयाचे. या सवलतीला मी नावे ठेवणार नाही. ती माणुसकीची आहे. पण ‘जातीने’ या शब्दाचे हात चिखलात होते, ते या व्याख्येने धुऊन निघाले, हे खरे.

‘मानणे’ हा काही कायद्याचा शोध नव्हे. आपल्या घरांत मानलेला भाऊ असतो, मानलेली बहीण असते. भाऊबिजेला जिचा सख्खा भाऊ नाही ती शेजारच्या मुलाला पाटावर बसवून ओवाळते. सगळ्यांना ठाऊक असते की तो तिचा भाऊ नाही, आणि सगळेच तो भाऊ असल्यासारखे वागतात. ही कल्पितकथा चालते, कारण ती मानणाऱ्याने स्वतःहून मानलेली असते आणि तिचा भार तोच उचलतो. दर वर्षी ओवाळणी घालावी लागते, आजारपणात धावावे लागते. न धावला तर नाते आपोआप संपते. त्यासाठी दुरुस्ती विधेयक लागत नाही. कायद्याच्या मानण्यात मानणारा एक असतो आणि भार पडतो दुसऱ्यावर. आणि एकदा मानले की वस्तुस्थिती कितीही बदलो, मानलेले पन्नास पन्नास वर्षे हलत नाही. दोन्हीकडे एकच धातू, पण कायद्याच्या कर्मणि प्रयोगात मानणारा दिसेनासा होतो.

येथे माझ्या व्यवसायबंधूंविषयी, म्हणजे कादंबरीकारांविषयी, थोडे बोलले पाहिजे. कायद्याने व्याख्या बांधल्या, त्या आम्ही वाचल्या नाहीत; आणि आमच्या आम्ही बांधल्या त्या कायद्याहून कडक निघाल्या. जमीनदार दुष्ट, कूळ सोशिक, तलाठी लाचखाऊ, मास्तर आदर्शवादी! कायद्याच्या व्याख्येला निदान अपवाद असतात, स्पष्टीकरणे असतात, पोटकलमे असतात. आमच्या पात्रांना तीही सोय नाही. चार एकरांचा ‘जमीनमालक’ आणि हजारो एकरांचे ‘कूळ’ ही जोडी मराठी कादंबरीला सहज सापडली असती. ती आमच्या शिवारात उघड्यावर पडली होती. पण ती उचलावयाची तर कूळ या शब्दाभोवतीचा आमचा आयता उमाळा आम्हांला सोडावा लागला असता. खंडकऱ्यांच्या मोर्च्यांवर बातम्या पुष्कळ आल्या. लहानशा शेतकऱ्याला ‘आपण मालक आहोत’ या एका कागदी शब्दाने जो मार बसला, त्याची कथा मात्र राहूनच गेली. ज्याला कायद्याने मालक म्हटले म्हणून कुळाची सहानुभूती मिळेना आणि ताबा नाही म्हणून मालकीचे सुखही मिळेना, अशा माणसाच्या मनात काय चालते? हा प्रश्न महसूल खात्याचा नव्हे, आमचा होता.

घरातल्या व्याख्यांकडेही आम्ही असेच पाहिले नाही. जुन्या मराठीत ‘आमचे कुटुंब’ म्हणजे बायको. कमाल जमीन धारणेच्या कायद्यात सत्तरीच्या दशकातील दुरुस्तीनंतर ‘कुटुंब घटक’ म्हणजे पतिपत्नी, अज्ञान मुलगे आणि अज्ञान अविवाहित मुली. त्याच घरात देवापाशी बसलेली आई या घटकात नाही. मिसरूड फुटलेला मुलगा अठरा वर्षांचा झाला की ताटावरून न उठताच त्यातून बाहेर. त्यापेक्षा मला जनगणनेची व्याख्या गावाच्या जवळची वाटते. एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक घर, असे ती साधारणपणे धरते. आमच्या बायका हेच म्हणतात: ‘चूल वेगळी झाली.’ वाटणीची सगळी कागदपत्रे त्या तीन शब्दांनंतर येतात.

खंडकऱ्यांची गोष्ट पुढे सरकली, तीही व्याख्यांच्या वाटेनेच. कितीतरी वर्षांच्या मोर्च्यांनंतर आणि कोर्टकचेऱ्यांनंतर कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि २०१२ पासून जमिनी मूळ खंडकऱ्यांच्या वारसांना परत मिळू लागल्या. एवढ्या अवधीत आजोबा गेले, वडील थकले. ज्यांनी खंडाच्या कागदावर अंगठा उठविला होता त्यांच्यापैकी कोण उरला होता? जमीन आली ती सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग दोन’ असा शेरा घेऊन. वर्ग दोन म्हणजे सरकारच्या परवानगीवाचून विकता येणार नाही, अशा बंधनाची जमीन. मग वर्ग एक करून मिळावा यासाठी नवे अर्ज, नवे मोर्चे. स्वतःच्याच जमिनीचा भोगवटा! मराठीत ‘भोग’ या शब्दाला सुख आणि दुःख हे दोन्ही अर्थ आहेत; सातबारा लिहिणाऱ्याने तो शब्द निवडताना इतका विचार केला नसेल, पण शब्द अगदी चपखल बसला आहे.

बाहेरगावाहून येणाऱ्या वाचकाला एक सूचना करून ठेवतो. रेल्वेने आपल्या स्टेशनाला बेलापूर असे नाव दिले, पण तेथे उतरलात तर तुम्ही श्रीरामपुरात उतराल. आमचे बेलापूर तेथून काही किलोमीटर दूर, प्रवरेच्या काठी आहे. नवी मुंबईचे बेलापूर ते आणखी निराळे. टांग्यांच्या दिवसांपासून आजच्या रिक्षांपर्यंत स्टेशनाबाहेर ‘बेलापूर, बेलापूर’ अशी हाक घालणारे असतात, आणि बेलापूर लिहिलेल्या फलकाखाली उभे राहून बेलापूरला जाण्यासाठी घासाघीस करताना कोणालाही त्यात काही चमत्कारिक वाटत नाही. तेथून हरेगावची बसही मिळते. वाटेत उसाची रानेच रानें लागतात, आणि शेजारी बसलेला माणूस हात करून सांगतो, ‘ही खंडकऱ्यांची.’